दोन बोटे मागे

रॉयल एनफिल्डने २०१८ साली भारतात दोन गाड्या एकदमच बाजारात आणल्या, इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५०. इंजिन दोन्हींचे एकच, दोन सिलिंडरांचे, ६४८ सीसीचे. सांगाडाही एकच. तरीही शोरूममध्ये या गाड्यांवर पाठोपाठ बसून पाहणाऱ्याला हे सांगूनही पटत नाही. इंटरसेप्टरवर पाठ ताठ राहते आणि हात रुंद हँडलवर आपसूक जाऊन पडतात. जीटीवर कंबर वाकते, छाती टाकीकडे झुकते, पुढचे दिसावे म्हणून मान वर उचलावी लागते आणि दोन्ही मनगटांना शरीराचे वजन जाणवू लागते. एवढा फरक पाडला कशाने, तर हँडल, फूटरेस्ट, सीट आणि टाकी यांनी. त्यातही पहिला मान हँडलचा.

आपल्या चाकणच्या कारखान्यातही असेच घडले. तिथे तयार होणारी केटीएमची ३९० ड्यूक २०१३ मध्ये आली आणि पाठोपाठ २०१४ मध्ये आरसी ३९०. इंजिन तेच, ३७३ सीसीचे. ड्यूकला एकसंध रुंद हँडल, आरसीला पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या नळ्यांवर आवळलेले दोन आखूड तुकडे, म्हणजे क्लिप-ऑन. ड्यूकवाला रोज गाडीने ऑफिसला जातो आणि आरसीवाला काही महिन्यांत मनगटाला पट्टा बांधून फिरू लागतो, असे पुण्यातल्या कुठल्याही पार्किंगमध्ये दिसेल.

हँडल चार-पाच सेंटिमीटर वर-खाली झाले की गाडीचा सगळा स्वभाव पालटतो, हे गाडी बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून तर ते एकाच इंजिनाच्या दोन गाड्या विकू शकतात. मात्र गाडी घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही की त्याच्या गाडीचे हँडलही थोडेफार हलवता येते, आणि ते हलवणे हा त्याचा हक्क आहे. लाखो माणसे खांदा, मान आणि मनगट दुखत असताना ‘गाडीच अशी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे चालवत राहतात. हे दुखणे बऱ्याचदा चार बोल्टांपाशी अडलेले असते.

खाली वाकलेल्या हँडलचे मूळ वेगात आणि वाऱ्यात आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेच्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉली फ्री नावाच्या स्वाराने व्हिन्सेंट गाडी पालथे पडून पळवली. पाय मागे लांबवलेले आणि अंगावर फक्त पोहण्याची चड्डी. आधीच्या फेरीत चामडी पोशाख वाऱ्याने फाटला, तेव्हा त्याने तो काढूनच ठेवला होता. वेग भरला ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. त्याचे ते छायाचित्र मोटरसायकलच्या इतिहासातले बहुधा सर्वांत गाजलेले असेल. वाऱ्याला अंगाचा कमीत कमी भाग द्यायचा, ही गोष्ट त्यात एका नजरेत कळते.

पुढच्या दशकात लंडनच्या एस कॅफेपाशी जमणारी पोरे आपल्या रोजच्या गाड्यांची उंच हँडले काढून क्लिप-ऑन बसवू लागली. ताशी १०० मैल गाठायचे, एवढाच ध्यास. त्यांची ही आवड ओळखून रॉयल एनफिल्डने १९६४ मध्ये २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी काढली. आजच्या जीटीने नाव आणि बैठक दोन्ही तिच्याकडूनच घेतली. २०१३ मध्ये भारतात आलेल्या ५३५ सीसीच्या जीटीची हँडले तर आताच्या ६५० पेक्षाही खाली होती. नव्या गाडीत कंपनीनेच ती वर घेतली.

पुढे झुकलेली बैठक चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. तिचे गणित वेगाच्या हिशेबाने मांडलेले असते. समोरचा वारा छातीला मागे रेटतो आणि झुकलेल्या धडाचे वजन तोलून धरतो. त्यामुळे हात मोकळे राहतात. पण वाऱ्याचा हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच प्रमाणात घटतोही. ताशी १२० किलोमीटरला जेवढा रेटा असतो, त्याचा सोळावा हिस्सा ताशी ३० ला उरतो. संध्याकाळी सात वाजता सिंहगड रोडवर रांगत चाललेल्या गाडीला तो जवळजवळ मिळतच नाही. मग वाऱ्याने उचलायचे वजन दोन मनगटे उचलतात, तेही क्लच दाबत, सोडत, पुन्हा दाबत. खंबाटकीसारख्या घाटात उतार लागला की शरीर आपोआप पुढे घसरते आणि त्याच मनगटांवर आणखी भर पडते.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतली खांद्याच्याही वर गेलेली हँडले आहेत. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटाने ती जगभर पोहोचवली. दिसायला ऐटदार, पण हात हृदयाच्या वर धरून तासभर बसणे कोणत्याही खांद्याला फार काळ मानवत नाही.

आपल्याकडच्या जुन्या गाड्या या बाबतीत शहाण्या होत्या, असे म्हणायला हरकत नाही. बुलेट, राजदूत, येझदी, पुढे १९९४ ची स्प्लेंडर, या सगळ्यांची हँडले उंच आणि मागे वळलेली. कारण त्या गाड्या कामाच्या होत्या. मागे दुधाचे कॅन, पुढे टाकीवर लहान पोर, पाठीशी बायको आणि खाली खड्ड्यांचा रस्ता. अशा गाडीवर पाठ ताठ लागते, नजर लांब लागते आणि हात मोकळे लागतात. आकुर्डीच्या बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली आणि तरुणांच्या मनात गाडीचे चित्रच बदलले. पुढे पल्सरच्या काही मॉडेलांना क्लिप-ऑन आली. बैठक पुढे झुकली, पण रस्ते, ट्रॅफिक आणि रोजची अंतरे तीच राहिली. या बदलाचा आनंद खरा होता, त्याची किंमतही खरी आहे.

शिंपी सदरा शिवताना खांदा, बाही, छाती मोजून घेतो. सदऱ्याच्या शंभरपट किमतीची गाडी मात्र कोणाच्याही अंगाचे माप न घेता घरी येते. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. वस्तू घडवताना भारतीय माणसाचा हात किती लांब, खांदा किती रुंद, बसल्यावर डोळे किती उंचीवर, याचे आकडे हाताशी असावेत म्हणून ते काम झाले. असे आकडे चाळले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. सरासरी नावाचा माणूस प्रत्यक्षात कुठेच भेटत नाही. एखाद्याची उंची मधली असेल, तर हात आखूड असतात. हात लांब असले, तर धड लहान असते. भारतीय पुरुषाची उंची सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास आहे, स्त्रीची १५२ च्या. आज गावोगावी मोटरसायकल चालवणाऱ्या मुली दिसतात, आणि त्या गाडीचे हँडल त्यांच्यापेक्षा वीतभर उंच माणसाला गृहीत धरून लावलेले असते. कोपर पूर्ण ताठ करून, पुढे ओणवून त्या हँडल गाठतात. वळणावर बाहेरचा हात पुरत नाही, म्हणून वळण घाबरत घेतात. गाडी चालवता येत नाही, असा शिक्का बसतो तो मुलीवर, हँडलकडे कोणी पाहत नाही.

दुखणे कुठले आहे, हे पुष्कळदा बोटेच सांगतात. मनगटाच्या मधोमध एक अरुंद बोगदा असतो आणि त्यातून मिडियन नावाची नस तळहातात उतरते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू ही तिची हद्द. मनगट बराच वेळ मागे दुमडलेले राहिले की बोगद्यातला दाब वाढतो आणि या बोटांना मुंग्या येतात. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू अल्नर नावाच्या दुसऱ्या नसेकडे. ती तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेवरून जाते. लांबचे सायकलस्वार या टाचेवर भार देऊन तासन्‌तास बसतात, त्यामुळे त्यांच्यात ही तक्रार डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे. मोटरसायकलवाल्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. करंगळी बधिर होत असेल तर तळहातावर वजन फार पडते आहे, हँडल लांब किंवा खाली आहे, असा संशय घ्यावा. अंगठ्याकडची बोटे बधिर होत असतील तर मनगट वाकडे राहते आहे, म्हणजे हँडलचा किंवा लिव्हरचा कोन तपासावा. गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल, रात्री हात झटकत जाग येत असेल, तर गॅरेज नव्हे, दवाखाना गाठावा.

थरथर हा याच दुखण्याचा दुसरा पदर. जपानमध्ये मोटरसायकलवरून टपाल वाटणाऱ्यांच्या आणि वाहतूक पोलिसांच्या हातांचा संशोधकांनी अभ्यास केला. त्यांत बोटांचा बधिरपणा आणि आखडलेले खांदे या तक्रारी नोंदल्या गेल्या. रोज आठ-दहा तास हँडल धरणारे आपल्याकडचे पार्सल पोहोचवणारे तरुण हे वाचून मान डोलावतील. हँडलच्या टोकाशी वजनदार गोळा बसवलेला असतो, तो शोभेसाठी नसतो. त्या वजनामुळे नळीच्या कंपनाची लय बदलते आणि हाताला पोहोचणारी झिणझिण कमी होते. गाडी पडली की तो गोळा हरवतो आणि पुष्कळजण त्याच्याविना वर्षभर फिरतात. तो परत बसवून घ्यावा. शंभर-दोनशे रुपयांत बोटांना बराच आराम पडतो.

आता ते चार बोल्ट.

पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने उभी आहेत आणि त्यांच्या आसपासच्या बोळांत, फुटपाथच्या कडेला हाताचे काम करणारे मेकॅनिक बसतात. त्यांच्यातला जाणता माणूस हँडलची तक्रार ऐकली की लगेच पाना उचलत नाही. गाडी मेन स्टँडवर घेतो, गिऱ्हाइकाला वर बसवतो आणि म्हणतो, “बसा काका. पाय फूटरेस्टवर. आता डोळे मिटा आणि हात पुढे सोडा, जिथं पडतील तिथं.” काका डोळे मिटतात. हात ग्रिपच्या अलीकडे, दोन बोटे आत, हवेतच थांबतात. डोळे उघडून काका स्वतःच चकित होतात. एवढी वर्षे ते ही दोन बोटे रोज खांद्यातून ताणून भरून काढत होते.

मग टाकीवर जुने फडके पडते. हँडलची नळी मधोमध दोन क्लॅम्पांत धरलेली असते आणि प्रत्येक क्लॅम्पला दोन बोल्ट असतात. ते काढायचे नसतात. नळी हाताने जोर लावल्यावर जेमतेम फिरेल इतपतच सैल करायचे. नळीवर बहुधा एक बारीक ठिपका कोरलेला असतो, कारखान्याने ठरवलेली जागा दाखवणारा. त्या जागी आधी पेनाने खूण करून ठेवावी, म्हणजे नवी बैठक मानवली नाही तर परतीची वाट राहते. फिरवायचे ते थोडे थोडे. ग्रिप नळीच्या अक्षापासून १५ सेंटिमीटर दूर असेल, तर हँडल ५ अंश फिरवल्यावर ती सुमारे १३ मिलिमीटर सरकते. म्हणजे दोन बोटांसाठी क्लॅम्पपाशी डोळ्याला जेमतेम दिसेल एवढीच हालचाल लागते.

यातही एक मेख आहे. मागे झुकलेले हँडल स्वाराकडे घेतले की ते जवळ येते, तसे थोडे खालीही येते आणि ग्रिपची टोके जमिनीकडे कलतात. जवळ आणि उंच दोन्ही हवे असेल, तर नुसत्या फिरवण्याने भागत नाही. क्लिप-ऑनवाल्यांना याहून कमी मोकळीक, कारण ते तुकडे चिमट्याच्या नळीभोवती किंचित वळतात, एवढेच. स्कूटरवाल्यांना तर तेवढीही सोय नाही.

आवळताना घाई नको. पुष्कळ गाड्यांत क्लॅम्पचे पुढचे बोल्ट आधी पूर्ण बसवतात आणि मग मागचे आवळतात. मागे राहणारी बारीक फट तशीच राहू द्यायची असते, ती बुजवायच्या नादात धातूला चीर पडते. कुठल्या गाडीला कुठला क्रम आणि किती जोर, हे तिच्या मॅन्युअलमध्ये असते, तेच प्रमाण मानावे.

हँडल जागेवर आले तरी काम अर्धेच झालेले असते. लिव्हर नळीवर वेगळे धरलेले असतात, ते आता नव्याने लावावे लागतात. गाडीवर बसून हात ग्रिपवर ठेवायचा आणि बोटे सरळ पुढे ताणायची. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ दिसली पाहिजे आणि लिव्हर त्या रेघेच्या लगेच खाली हवा. लिव्हर त्याहून वर असेल, तर प्रत्येक वेळी क्लच दाबताना मनगट मागे मोडते. शहरात हे दिवसातून शेकडो वेळा घडते. डिस्क ब्रेक असेल तर पुढच्या ब्रेकच्या तेलाची छोटी टाकीही लिव्हरबरोबर फिरते. ती फार कलली, तर तेलाची पातळी चुकते आणि हवा शिरायची भीती असते. म्हणून ती शक्य तितकी आडवी राहील असे पाहावे. मग आरसे.

शेवटची तपासणी कधीही चुकवू नये. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवायचे. बोटे टाकीत चेंगरता कामा नयेत, क्लचची वायर आणि ब्रेकचा पाइप ताणता कामा नये. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून पुन्हा तेच करायचे. हँडल वळवताना इंजिनाचा आवाज वाढला, तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जाते आहे. अशी गाडी यू-टर्न घेताना आपणहून वेग घेईल. तिला त्या अवस्थेत रस्त्यावर नेऊ नये.

ज्यांना उंचीच हवी असते, ते रायझर बसवतात, म्हणजे क्लॅम्पखाली घालायचे धातूचे ठोकळे. पाठीला ते खरोखर आराम देतात, लडाखला निघालेल्या गाड्यांवर ते हमखास दिसतात. पण उंची वाढली की वर सांगितलेल्या सगळ्या वायरी आणि पाइप तेवढेच ताणले जातात, आणि ब्रेक मारताना शरीराचा सगळा झोक त्या ठोकळ्यांवर येतो. रस्त्याकडेच्या टपरीवर मिळणारा, आटे नीट न पाडलेला स्वस्त ठोकळा इथे चालणार नाही. चालत्या गाडीचे हँडल हातात सैल झाले, तर सावरायला काहीच उरत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही लक्षात असावे. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल ते करू देत नाही. कारखान्याचेच हँडल त्याच्या क्लॅम्पमध्ये फिरवणे आणि अख्खे हँडल बदलून काहीतरी भलतेच लावणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. मोठा बदल करण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घेतलेले बरे.

उभे राहून गाडी चालवणाऱ्यांचा हिशेब निराळा. डाकार शर्यतीतले स्वार दगड-वाळूत तासन्‌तास फूटरेस्टवर उभे असतात, म्हणून त्यांची हँडले उंच आणि किंचित पुढे. बंगळूरचे सी. एस. संतोष २०१५ मध्ये ही शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. कच्च्या रस्त्यावर उभे राहायची सवय असलेल्याने आपले हँडल लावताना एकदा बसून आणि एकदा उभे राहून, दोन्ही वेळा पाहावे.

या सगळ्याकडे केवळ आराम म्हणून पाहू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. वेगात असलेली मोटरसायकल हँडलच्या बारीक दाबावर वळते. उजवीकडे जायचे तर उजवा हात ग्रिपला किंचित पुढे ढकलतो, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. बहुतेकांना हे शिकवावे लागत नाही, हात आपोआप करतात. पण तेच हात जर शरीराचे वजन पेलण्यात गुंतले असतील, कोपरे ताठ असतील, तर हा बारीक दाब देता येत नाही. खड्ड्यातला प्रत्येक हिसका खांद्यापर्यंत जातो आणि खांद्याचा हिसका उलट हँडलपर्यंत येतो. कोपरात थोडा बाक असला, पोट आणि मांड्यांनी शरीर धरले आणि हात फक्त हुकूम द्यायला मोकळे राहिले, की समोर अचानक कुत्रे आले तरी गाडी ऐकते. थकलेल्या मनगटाला ब्रेक गाठायला क्षणभर उशीर होतो, आणि रस्त्यावर तेवढा उशीर पुरेसा असतो.

२०२३-२४ या एका वर्षात देशात १ कोटी ८० लाखांच्या आसपास दुचाकी विकल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेकींना शोरूमच्या दारात हार चढला, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, चावीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात घेऊन फोटो निघाले. हा सोहळा हवाच, घरात गाडी येणे ही आजही मोठी गोष्ट आहे. शोरूमवाल्यांना एवढीच विनंती की, या अर्ध्या तासातली दहा मिनिटे पाना घेऊन उभ्या असलेल्या एका मुलाला द्यावीत. मोटरसायकल घेणाऱ्याला गाडीवर बसवावे, डोळे मिटायला सांगावे, आणि त्याचे, तिचे हात जिथे पडतील तिकडे हँडल आणि लिव्हर न्यावेत. आणि ज्यांची गाडी आधीच घरात आहे, त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता या रविवारी गाडी मेन स्टँडवर घ्यावी आणि स्वतःच डोळे मिटून पाहावेत.